बरेच दिवस उभे असलेले मोठे वाहन सुरू होत नसेल तर: बॅटरी आणि सेल्फ तपासण्याचा क्रम

वर्षातून पाच-सहा वेळाच रस्त्यावर येणारी एक जुनी डिझेल बस माझ्या देखभालीत आहे. पहिल्या वर्षी ती सुरू होईना, म्हणून मी बॅटऱ्यांची जोडी बदलली. दुसऱ्या वर्षी तोच प्रकार झाला आणि मी पुन्हा जोडी बदलली. तिसऱ्या वेळी मात्र पाना हाती घेण्याआधी मीटर हाती घेतला. तेव्हा कळले की खरा दोष इंजिन आणि चासी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत होता. पट्टी वरून धडधाकट दिसत होती, पण तिच्या बोल्टखाली गंजाचा थर बसला होता. काढून टाकलेल्या दोन्ही जोड्यांचा त्यात फारसा दोष नव्हता, आणि योग्य क्रमाने मोजणी केली असती तर तो दोष पहिल्याच दिवशी सापडला असता. बस, ट्रक किंवा निवासी गाडी प्रथमच सांभाळायला घेतलेल्या वाचकांसाठी तो क्रम येथे देत आहे.

कमी वापराचे वाहन रोजच्या वाहनापेक्षा वेगळ्या कारणांनी बंद पडते. शिसे-आम्ल बॅटरी काहीही न जोडता नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि उष्णता जितकी जास्त तितकी ती लवकर उतरते. त्यात घड्याळ, धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा, वाहनाचा माग ठेवणारे उपकरण आणि नियंत्रक संगणक वाहन बंद असतानाही थोडा थोडा प्रवाह ओढत असतात. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि ३० दिवसांत ३६ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक साठा काहीही न करता जातो. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि मग पूर्ण चार्ज करूनही तिची मूळ क्षमता परत येत नाही. दरम्यान सगळ्या जोडांवर ओल आणि गंज आपले काम करतच असतात. यांपैकी कोणते कारण आपल्या वाहनात आहे, हे अंदाजाने नव्हे तर मोजूनच ठरवावे लागते.

## आधी जमवून ठेवायच्या वस्तू आणि कागद

- दशांशाच्या दोन घरांपर्यंत व्होल्ट दाखवणारा डिजिटल मल्टीमीटर आणि त्याच्या लांब वायरी
- डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर. तो मिलिअँपिअरपर्यंत दाखवणारा असावा, कारण अनेक साधे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात
- बॅटरीला झाकणे असतील तर हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) आणि डिस्टिल्ड वॉटर
- बॅटरीच्या प्रकाराला आणि व्होल्टेजला जुळणारा चार्जर
- पाने, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली
- डोळ्यांसाठी गॉगल, रबरी हातमोजे, भरपूर पाणी आणि खाण्याचा सोडा
- वाहनाची माहितीपुस्तिका, फ्यूजचा तक्ता, शक्य असल्यास वायरिंगचा नकाशा
- बॅटरी खरेदीची पावती आणि हमीपत्र
- एक वही

एक माणूसही सोबत हवा. पुढच्या काही मोजण्या चावी फिरत असतानाच करायच्या असतात आणि त्या एकट्याने सुरक्षितपणे होत नाहीत.

## १. वाहन आणि स्वतःला सुरक्षित करणे

हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावावेत. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. पाना किंवा अंगठी दोन टर्मिनलांमध्ये अडकली तर ती क्षणात लाल होते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, त्यामुळे जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. वायरी काढताना ऋण टर्मिनल प्रथम सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. फुगलेल्या, तडा गेलेल्या किंवा आत गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावू नये. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले आम्ल बरेच पातळ झालेले असते आणि कडक थंडीत ते गोठू शकते, हे थंड प्रदेशात वाहन उभे करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

## २. रचना समजून घेणे

बहुतेक मोठ्या बसमध्ये आणि ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक (सिरीजमध्ये, एकीचे धन दुसरीच्या ऋणाला) जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. काही वाहनांत मात्र दोन बॅटऱ्या समांतर (पॅरललमध्ये, धनाला धन आणि ऋणाला ऋण) जोडलेल्या असतात आणि रचना १२ व्होल्टचीच असते. निवासी गाडीत इंजिनची बॅटरी वेगळी आणि आतल्या दिव्यांची, पंपाची बॅटरी वेगळी असते. कोणतीही वायर काढण्याआधी फोटो काढावेत आणि धन-ऋण खुणा करून ठेवाव्यात. मुख्य कट-ऑफ स्विच कुठे आहे तेही आत्ताच शोधून ठेवावे. इंजिन मागे असलेल्या अनेक बसमध्ये इंजिनच्या कप्प्यात आणखी एक स्विच असतो. तो इंजिनजवळूनच सुरू करण्याच्या (‘रिअर’) स्थितीत राहिला की चालकाच्या जागेवरून सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिली फिरकी देणारी मोटर, लागतच नाही. मेकॅनिकने काम करून तो तसाच सोडला असेल, तर तासभर बॅटरी तपासूनही काही हाती लागणार नाही.

## ३. चार्जर लावण्याआधी व्होल्टेज मोजणे

नवखा माणूस येथेच चुकतो. गाडी सुरू होत नाही असे दिसताच तो चार्जर लावतो किंवा दुसऱ्या वाहनाची वायर जोडतो, आणि बॅटरी मुळात किती उतरली होती, दोन्हींपैकी कोणती उतरली होती, हा सगळा पुरावा पुसला जातो. म्हणून आधी मोजावे, वहीत लिहावे, आणि मगच चार्ज करावे.

वाहन निदान ३-४ तास, शक्यतो रात्रभर, बंद असावे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून टोके बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवावीत, वायरीच्या टोकाच्या क्लॅम्पवर नव्हे. साध्या पाण्याच्या १२ व्होल्ट बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव, आणि ११.८ किंवा त्याहून कमी म्हणजे बॅटरी बसली असे समजावे. वाहन नुकतेच चालवले असेल किंवा चार्जर नुकताच काढला असेल, तर आकडा खोटा जास्त दिसतो. अशा वेळी हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजावे.

२४ व्होल्टच्या वाहनात प्रत्येक बॅटरी स्वतंत्र मोजणे अत्यंत आवश्यक आहे. एक बॅटरी १२.७ आणि दुसरी १२.० असेल, तर दोन्ही मिळून २४.७ दिसतात आणि मन म्हणते की ठीक आहे. प्रत्यक्षात त्या जोडीतली एक बॅटरी जवळजवळ रिकामी असते आणि सेल्फ मारताच तीच सगळ्यांना खाली ओढते. दोघींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर कारण शोधावे. बहुतेकदा कोणीतरी रेडिओ, मोबाइलचा चार्जर किंवा कॅमेरा चालवण्यासाठी जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर घेतलेली असते. ती एक रोज उतरत राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, त्यामुळे दोन्ही लवकर खराब होतात. १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा.

## ४. चावी फिरवून नीट ऐकणे

हेडलाइट लावून ठेवावेत आणि सोबत्याला चावी फिरवायला सांगावे. मग कान आणि डोळे दोन्ही वापरावेत.

भरभर ‘टकटकटक’ असा आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा मोठा जोड ढिला आहे. एकच जोरदार ‘टक’ आला आणि दिवे तसेच राहिले, तर सोलेनॉइडचे (सेल्फला प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचे) आतले संपर्कबिंदू जळलेले असू शकतात. एकच ‘टक’ आणि दिवे जवळजवळ विझले, तर सेल्फ अडकला आहे, इंजिन जाम झाले आहे किंवा बॅटरीत जोर उरलेला नाही. काहीच आवाज नसेल तर दोष बहुधा लहान वायरींच्या बाजूला असतो: कट-ऑफ स्विच, फ्यूज, रिले, न्यूट्रलचा किंवा क्लचचा स्विच, चावीचा स्विच. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेटत नाही, असे असेल तर बॅटरीचा नाद सोडावा आणि थेट नवव्या पायरीकडे जावे.

एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान एक-दोन मिनिटे थांबावे. सेल्फची मोटर थोड्या वेळासाठी प्रचंड प्रवाह घेण्याकरताच बनवलेली असते. सलग फिरवल्यास तिची वेटोळी जळतात.

## ५. बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची परीक्षा घेणे

शक्यतो बॅटऱ्या सुट्या करून प्रत्येकीला १२ व्होल्टच्या चार्जरने स्वतंत्र चार्ज करावे, म्हणजे दोन्ही एका पातळीवर येतात. प्रवाह क्षमतेच्या सुमारे दहाव्या भागाइतका, म्हणजे १०० अँपिअर-तासाला १० अँपिअर, ठेवावा. शेवटचा टप्पा फार हळू भरतो, त्यामुळे दहा तासांत काम संपेल असे धरू नये. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगपूर्वी त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि खुणेपर्यंत पातळी चार्जिंगनंतर आणावी, नाहीतर द्रव वाढून आम्ल बाहेर सांडते. आम्ल कधीही घालू नये. बंद प्रकारच्या बॅटरीसाठी चार्जरवर तिची स्वतंत्र सेटिंग असेल तर तीच निवडावी.

झाकणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासावेत. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत विशिष्ट गुरुत्व साधारण १.२६५ ते १.२८० असते. एखादा कप्पा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर त्या बॅटरीचे आयुष्य संपले असे समजावे. चार्ज करूनही व्होल्टेज १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर एक कप्पा मेलेला आहे. एका कप्प्याचे व्होल्टेज सुमारे २.१ असते आणि नेमके तेवढेच कमी पडते.

यानंतर बॅटरी काहीही न जोडता एक दिवस ठेवावी. तेवढ्या काळात ती १२.४ च्या खाली आली तर दोष तिच्यातच आहे. टिकली, तर ती वाहनात जोडून सेल्फ मारताना तिच्या खांबांवर व्होल्टेज पाहावे. साधारण उबदार हवेत चांगली १२ व्होल्ट बॅटरी त्या वेळी ९.६ च्या खाली जाऊ नये. जोडीतली एक बॅटरी बदलावी लागली तर दोन्ही बदलाव्यात, एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या. हा खर्च जिवावर येतो, पण जुन्या-नव्याची जोडी नव्या बॅटरीलाही लवकर संपवते.

## ६. वायरी आणि जोडांमधला व्होल्टचा तोटा मोजणे

बॅटरी चांगली निघाली आणि तरीही इंजिन जड फिरते, तर ही पायरी करावीच. माझ्या बसचा दोष येथे सापडला. बहुतेक लोक ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते चांगल्या बॅटऱ्या विनाकारण बदलल्या जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

मोठ्या डिझेल इंजिनचा सेल्फ शेकडो अँपिअर घेतो. समजा ४०० अँपिअर वाहत आहेत आणि एका गंजलेल्या जोडात केवळ ०.०१ ओहमचा अडथळा आहे, तर त्या एका जोडातच ४ व्होल्ट नाहीसे होतात. तोच जोड मल्टीमीटरच्या ओहमवर तपासला तर मीटर शून्याजवळचा आकडा दाखवतो आणि जोड चांगला असल्याचा भास होतो. दिवेही नीट लागतात, कारण दिव्यांचा प्रवाह थोडा असतो. म्हणूनच हा दोष फक्त सेल्फ फिरत असताना, व्होल्ट मोजूनच पकडता येतो.

मोजताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधन बंद ठेवण्याची पुस्तिकेतली पद्धत वापरावी. मीटरच्या वायरी आधी पक्क्या चिमट्यांनी लावाव्यात, बाहेर यावे, आणि मग सोबत्याला चावी फिरवायला सांगावे. सेल्फ मारला जात असताना कोणीही वाहनाखाली असू नये, यात कोणतीही सवलत घेऊ नये.

पहिली मोजणी धन बाजूची: एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, दुसरे सेल्फच्या मोठ्या वायरीच्या बोल्टवर. दुसरी ऋण बाजूची: एक टोक ऋण खांबावर, दुसरे सेल्फच्या धातूच्या अंगावर. १२ व्होल्टच्या रचनेत प्रत्येक बाजूचा तोटा साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत असावा; पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर ती मानावी. तोटा जास्त निघाला तर त्या बाजूचे जोड एकेक करून मोजावेत: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते वायर, कट-ऑफ स्विचच्या दोन्ही बाजू, चासी ते इंजिन. ज्या जोडावर आकडा उडी घेतो, तोच दोषी. माझ्या बसमध्ये धन बाजू निर्दोष होती आणि ऋण बाजूला ३ व्होल्टहून अधिक तोटा होता. चासी आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर लावताच जवळजवळ सगळा तोटा तेथे दिसला.

दोषी जोड नुसता आवळून भागत नाही. बॅटरी सुटी करून बोल्ट काढावा, दोन्ही पृष्ठभाग उघडे चकचकीत होईपर्यंत घासावेत, रंग असेल तर तोही काढावा, घट्ट आवळावे आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावावी. वायरीच्या टोकाजवळ आवरण फुगलेले किंवा आतले तांबे हिरवे पडलेले असेल, तर वायरच बदलावी.

दोन्ही बाजूंचा तोटा मर्यादेत असेल आणि सेल्फ तरीही जड फिरत असेल, तर सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश आणि बुश तपासून घ्यावेत.

## ७. उभ्या वाहनात होणारी गळती शोधणे

बॅटरी आणि जोड चांगले असूनही दोन आठवड्यांत बॅटरी बसत असेल, तर प्रवाह कुठेतरी गळतो आहे. सगळी दारे आणि सामानाचे कप्पे बंद करावेत, चावी काढावी, आणि नियंत्रक संगणक झोपी जाण्यासाठी तासभर थांबावे. नंतर ऋण वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावून प्रवाह पाहावा. साध्या वाहनात तो ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. अधिक उपकरणे असलेल्या वाहनात थोडा जास्त असू शकतो. कट-ऑफ स्विच बंद करूनही प्रवाह दिसत असेल, तर कोणते तरी उपकरण थेट बॅटरीला जोडलेले आहे.

मल्टीमीटर वायरीच्या मध्ये जोडून प्रवाह मोजत असाल तर तो जोडलेला असताना चावी फिरवू नये. असे मीटर बहुधा १० अँपिअरपर्यंतच असतात आणि पहिल्याच झटक्यात त्यांचा फ्यूज उडतो.

त्यानंतर एकेक फ्यूज काढून प्रवाह कधी कमी होतो ते पाहावे. सगळे फ्यूज काढूनही प्रवाह तसाच राहिला, तर अल्टरनेटरकडे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे) वळावे. त्याची मुख्य वायर अनेकदा फ्यूजच्या पेटीतून जातच नाही आणि आतला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) खराब झाला की बॅटरी तिथून उतरते. कित्येक तास उभ्या असलेल्या वाहनाचा अल्टरनेटर हाताला कोमट लागला, तर ही शंका बळकट होते. सामानाच्या कप्प्यातला न विझणारा दिवा, पायरीचा दिवा आणि चालू राहिलेला इन्व्हर्टर हे नेहमीचे गुन्हेगार आहेत.

## ८. अल्टरनेटर तपासणे

इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर १२ व्होल्टच्या रचनेत साधारण १३.८ ते १४.४ आणि २४ व्होल्टच्या रचनेत २७.६ ते २८.८ दिसावेत. बॅटरी बरीच उतरलेली असेल तर हा आकडा चढायला वेळ लागतो. हेडलाइट आणि पंखा लावून थोडा रेस दिल्यावरही तो टिकला पाहिजे. आकडा बंद वाहनाइतकाच राहिला तर पट्टा आणि वायरी पाहाव्यात. चावी लावल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का, हेही पाहावे. अनेक जुन्या वाहनांत तो दिवा उडाला की अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळत नाही आणि चार्जिंग होत नाही. इंजिन चालू असताना कट-ऑफ स्विच बंद करू नये किंवा बॅटरीची वायर काढू नये, कारण त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि डायोड व संगणक निकामी होऊ शकतात.

## ९. इंजिन फिरते पण पेटत नाही तेव्हा

बराच काळ उभ्या डिझेल वाहनात बहुधा इंधनाच्या नळीत हवा शिरलेली असते किंवा फिल्टरच्या तळाशी पाणी साचलेले असते. पाणी काढावे, इंधनाच्या हातपंपाने हवा काढावी, थंडीत हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे. हवा न काढता सेल्फ मारत राहिल्यास नुकतीच चार्ज केलेली बॅटरी पुन्हा बसते.

## १०. दुसऱ्या वाहनावरून सुरू करावे लागले तर

२४ व्होल्टच्या वाहनाला २४ व्होल्टचेच वाहन लागते. १२ व्होल्टच्या गाडीवरून वायर जोडू नये. आधी धन ते धन जोडावे, मग मदत करणाऱ्या वाहनाच्या ऋण टर्मिनलची वायर बंद वाहनाच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, जोडावी. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि ती बॅटरीजवळ नको. सुरू झाल्यावर पूर्ण बसलेली बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटरवर टाकू नये, तो तापतो. मुक्कामी पोचताच चार्जर लावावा.

## ११. पुन्हा उभे करताना

दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची पद्धत सर्वत्र आढळते, पण मी ती सोडून दिली आहे. आयडलवर अल्टरनेटर थोडाच प्रवाह देतो, इंजिन पुरेसे तापत नाही, आणि आत ओल धरते. बाहेर काढायचेच असेल तर तासभर रस्त्यावर चालवावे. नाहीतर कट-ऑफ स्विच बंद करावा, आणि विजेची सोय असेल तर बॅटरी भरल्यावर आपोआप मंद होणारा चार्जर लावून ठेवावा. सोय नसेल तर महिन्यातून एकदा मोजावे आणि कोणतीही बॅटरी १२.४ वर आली की चार्ज करावी.

वहीत तारीख, हवा गरम की थंड, प्रत्येक बॅटरीचे वेगळे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आणि चार्ज केल्याची नोंद असे रकाने आखावेत. हमीच्या मुदतीत बॅटरी बदलून मागताना पावती आणि हमीपत्राबरोबर ही वही दाखवावी, आणि मेकॅनिक बदलला तर कामाला हात घालण्याआधी त्याला ती वाचायला द्यावी.